फ्री डिशचे चित्र तुटते तेव्हा : वाय-फाय, बूस्टर आणि केबल

प्रश्न थोडक्यात असा आहे. धानोरा तालुक्यातील एका गावात डीडी फ्री डिशवरच्या काही वाहिन्या संध्याकाळी सात ते नऊच्या सुमारास अडकतात, चित्राचे चौकोन होतात आणि मग ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येते. त्याच वेळी बाकीच्या वाहिन्या मात्र व्यवस्थित चालतात. ग्रामपंचायतीने पावसाळ्यानंतर वाय-फाय बसवले आणि जवळपास त्याच दिवसांत एका किराणा दुकानदाराने मोबाइलला रेंज यावी म्हणून छपरावर बूस्टर लावला. त्यामुळे गावात सगळी बिनतारी उपकरणे बंद करावीत असा ठराव ग्रामसभेत मांडण्याचा विचार आहे. शिवाय प्रश्नकर्त्याने हेही विचारले आहे की टीव्हीच्या रिकाम्या वाहिन्यांवरून इंटरनेट देण्याचे जे तंत्र ऐकू येते, ते इकडे आले तर उरलेसुरले चित्रही जाईल का.

मी आधी दूरदर्शनच्या एका लहान प्रक्षेपण केंद्रावर देखभालीचे काम केले आणि आता चंद्रपूर-गडचिरोली भागात डिश आणि वायरलेस लिंक बसवण्याचे काम करतो. माझे मत आधीच सांगून टाकतो : ठराव मांडू नका. बहुधा तुम्ही निर्दोष उपकरणाला शिक्षा कराल आणि खरा दोष तसाच राहील. मात्र हे ‘बहुधा’ मी जाणूनबुजून लिहिले आहे, कारण तुमच्या घरची केबल, तिचे जोड आणि दुकानापासूनचे अंतर मी पाहिलेले नाही, आणि अशा तक्रारीत निम्मा निकाल या तीन गोष्टींवर लागतो.

मूळ प्रश्न ‘बिनतारी उपकरण टीव्हीला त्रास देते का’ हा नाही. कोणते उपकरण कोणत्या फ्रिक्वेन्सीवर बोलते आणि तुमच्या घरात टीव्हीचा सिग्नल त्या क्षणी कोणत्या फ्रिक्वेन्सीवर असतो, हा आहे. फ्री डिशचा सिग्नल जीसॅट-15 या उपग्रहावरून येतो. तो 93.5 अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर आहे. तेथून निघालेल्या लहरी साडेअकरा गिगाहर्ट्झच्या, म्हणजे 11,500 मेगाहर्ट्झच्या, आसपास असतात आणि त्या पट्ट्यात तुमच्या गावात दुसरे कोणीही बोलत नाही. त्यामुळे डिशच्या तोंडापर्यंत येणारा सिग्नल स्वच्छ असतो. घोळ पुढे होतो. डिशच्या तोंडाशी बसवलेला एलएनबी ही एवढी उंच फ्रिक्वेन्सी केबलमधून पाठवू शकत नाही, म्हणून तो तिच्यातून 9,750 मेगाहर्ट्झ वजा करतो आणि उरलेला सिग्नल खाली पाठवतो. या केबलचा पट्टा 950 ते 2,150 मेगाहर्ट्झ असा असतो. उदाहरणार्थ, एखाद्या वाहिनीसमूहाची फ्रिक्वेन्सी 11,590 असेल तर तुमच्या केबलमध्ये ती 1,840 मेगाहर्ट्झवर धावते.

आता मोबाइलचा 1800 चा पट्टा पाहा. त्यात टॉवरकडून फोनकडे येणारा भाग 1,805 ते 1,880 मेगाहर्ट्झ आहे आणि फोनकडून टॉवरकडे जाणारा 1,710 ते 1,785. दोन्ही भाग तुमच्या केबलच्या पट्ट्याच्या आतच पडतात. 2100 च्या पट्ट्याचेही बव्हंशी तसेच आहे. याउलट वाय-फाय 2,400 मेगाहर्ट्झच्या पुढे किंवा 5 गिगाहर्ट्झवर चालते, म्हणजे केबलच्या पट्ट्याबाहेर. ‘काहीच वाहिन्या जातात’ या तुमच्या निरीक्षणाला म्हणूनच फार किंमत आहे. ज्या वाहिन्या एकदम जातात त्या एकाच ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे उपग्रहावरच्या एकाच फ्रिक्वेन्सीच्या प्रक्षेपकावर असतात. सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत सिग्नलच्या पानावर त्यांची फ्रिक्वेन्सी लिहिलेली असते. ती वाचा, 9,750 वजा करा आणि उत्तर मोबाइलच्या वरच्या आकड्यांत बसते का ते पाहा. माझ्या अनुभवात हे एवढे गणित केल्यावर अर्ध्या तक्रारींचा आरोपी ठरतो.

पण आकडा जुळला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असेही नाही, कारण चांगल्या केबलमध्ये बाहेरचा सिग्नल शिरतच नाही. केबलच्या मधल्या तारेभोवती पन्नी आणि जाळी असते ती याचसाठी. आपल्याकडे काय होते ते मी रोज पाहतो. छपरावरून केबल घरात घेताना ती अपुरी पडते, म्हणून मधे दुसरा तुकडा जोडला जातो. मधली तांब्याची तार पिळून एकत्र करतात, वरून काळी पट्टी गुंडाळतात आणि जाळीचे दोन्ही टोक एकमेकांना लागलेच पाहिजेत हे कोणाच्या ध्यानात राहत नाही. चित्र दिसते, त्यामुळे काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात जिथे जाळी तुटली तिथे केबलचा तो वीतभर भाग अँटेना झालेला असतो. त्यात कवेलूंच्या घरावर वानरे केबलला लोंबकळतात, जोड आणखी सैल होतो, पावसाळ्यात पाणी शिरून तांबे हिरवे पडते. आता त्या जोडापासून आठ-दहा फुटांवर बूस्टरची अँटेना असेल, तर 36,000 किलोमीटरवरून आलेल्या सिग्नलची आणि तिची बरोबरी कशी व्हायची?

डिजिटल चित्राची एक खोड इथे लक्षात घ्यावी लागते. जुन्या अॅनालॉग टीव्हीवर व्यत्यय आला की मुंग्या दिसायच्या, रेघा यायच्या, माणूस त्यातूनही बातम्या पाहायचा. डिजिटलमध्ये बॉक्स चुका दुरुस्त करत राहतो आणि चित्र अगदी निर्मळ दिसते. चुका त्याच्या आवाक्याबाहेर गेल्या की चित्र एका क्षणात कोसळते. म्हणून ‘कालपर्यंत सगळे ठीक होते’ या वाक्यावर मी फारसा भरवसा ठेवत नाही. कालही सिग्नल काठावर असू शकतो. बॉक्सच्या मेनूत दोन पट्ट्या असतात, एक ताकदीची आणि एक गुणवत्तेची. चित्र तुटत असताना ताकद जागच्या जागी असून गुणवत्ता खाली आली असेल, तर बाहेरून काहीतरी मिसळते आहे अशी शंका घ्यायला जागा आहे. दोन्ही खाली आल्या असतील तर डिश हललेली आहे, पाऊस जोराचा आहे किंवा एलएनबी गेलेला आहे.

संध्याकाळची वेळ ऐकून कोणी विजेच्या कमी दाबाकडे बोट दाखवील. दाब पडतो हे खरे, पण त्याने एलएनबीला कमी व्होल्टेज मिळाले तर सगळ्याच वाहिन्या जातील, निवडक जाणार नाहीत. मार्च आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो तेव्हाही काही मिनिटे सिग्नल जातो, पण ते आपल्याकडे सकाळी अकराच्या आसपास घडते. रानडुकरांसाठी शेतात लावलेल्या झटका मशीनवर पुष्कळजण संशय घेतात. तारेला ओले गवत लागले की तिच्या ठिणग्यांची टकटक रेडिओवर ऐकू येते हे खरे आहे, परंतु डिशच्या केबलच्या पट्ट्यात तिचा जोर नगण्य असतो. संध्याकाळी नेमके काय वाढते? लोक घरी येतात आणि फोन लावतात. दुकानात गर्दी असते, पैसे मोबाइलवरून दिले जातात. माझा संशय त्यामुळेच बूस्टरकडे जातो.

बूस्टर काय करतो ते समजून घेतल्याशिवाय दुकानदाराशी न्यायाने बोलता येणार नाही. त्याची बाहेरची अँटेना टॉवरचा क्षीण सिग्नल पकडते, मधला डबा तो लाखो पटींनी वाढवतो आणि आतली अँटेना तो दुकानात पसरवते. फोनचा सिग्नल उलट्या वाटेने टॉवरकडे जातो. यात एक अट असते. आतल्या अँटेनातून निघालेला सिग्नल बाहेरच्या अँटेनापर्यंत पुरेसा क्षीण होऊन पोचला पाहिजे. तसे झाले नाही तर डबा स्वतःचाच आवाज पुन्हा पुन्हा वाढवत राहतो आणि संपूर्ण पट्ट्यात गोंगाट ओकू लागतो. टिनाचे छप्पर मधे असेल तर थोडा आडोसा मिळतो. कवेलूंच्या छपराखाली तो जवळजवळ नसतो. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त डब्यांत हे ओळखून आपोआप वाढ कमी करणारी सोय बहुतेकदा नसते. असा डबा केवळ शेजाऱ्याच्या टीव्हीला नाही, तर त्या टॉवरवरच्या सगळ्या गावांच्या फोनला त्रास देतो, आणि हे दुकानदाराला कधी कळतही नाही, कारण त्याच्या दुकानात रेंजच्या काड्या भरलेल्या दिसतात.

दुकानदाराची बाजूही सांगायला हवी. जिथे रेंज कमी तिथे प्रत्येक फोन आपल्या कमाल ताकदीने बोलतो. म्हणजे बूस्टर नसतानाही, तुटक्या जोडाजवळ उभे राहून कोणी फोन लावला तर तुमचे चित्र हलू शकते. बूस्टर काढला आणि केबल तशीच ठेवली, तर तक्रार कमी होईल पण पूर्ण थांबेलच असे नाही.

म्हणून तपासणीचा क्रम मी असा ठेवतो. सर्वांत आधी टीव्ही आणि बॉक्स अंगणात डिशजवळ नेऊन नव्या, अखंड, दोन्ही टोकांना नीट कनेक्टर लावलेल्या छोट्या केबलने थेट जोडावे आणि नेमक्या त्याच वेळी, म्हणजे सात ते नऊमध्ये, त्याच वाहिन्या पाहाव्यात. चित्र स्वच्छ आले तर दोष तुमच्या जुन्या केबलमध्ये आहे आणि भांडणाचे कारणच उरत नाही. तरीही तुटले तर दुकानदाराला विनंती करून बूस्टर पाच मिनिटे बंद, पाच मिनिटे सुरू असे काही वेळा करून पाहावे आणि इकडे गुणवत्तेच्या पट्टीचे आकडे वेळेसह लिहून काढावेत. (बूस्टर बंद केल्यावर फोन लागणार नाही, तेव्हा निरोप्या म्हणून एखादे पळणारे पोर लागेल.) शेवटी तेच पंचायतीच्या वाय-फायबाबतही करावे, माझी खात्री असली तरी, गावासमोर तपासून दाखवलेले बरे असते. एकच सावधगिरी : एकदा बंद केल्यावर चित्र सुधारले, एवढ्यावर निष्कर्ष काढू नये. दर वेळी बंद केल्यावर सुधारले आणि दर वेळी सुरू केल्यावर बिघडले, तरच त्याला पुरावा म्हणावे.

केबल बदलायची असेल तर आरजी-6 घ्या, पण नाव पाहून नव्हे, सोलून पाहून. पन्नीवर जाळीचे जेमतेम दहा-बारा केस असलेली केबलही त्याच नावाने विकली जाते. जाळी दाट हवी. कनेक्टर हाताने फिरवून बसवायचा नको, दाबयंत्राने आवळायचा घ्या. जाळी मागे दुमडून कनेक्टरच्या अंगाला सगळीकडून लागली पाहिजे, तिचा एकही केस मधल्या तारेला लागता कामा नये, आणि मधली तार कनेक्टरच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर पुढे राहिली पाहिजे. एलएनबीच्या टोकाला रबरी टोपी चढवा आणि घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. मधे जोड अजिबात ठेवू नका. या कामाचा खर्च बूस्टरच्या किमतीच्या मानाने किरकोळ आहे.

आता कायद्याचा भाग, कारण ग्रामसभेत तो निघणारच. आपल्या देशात काही पट्टे सर्वांना परवान्याशिवाय वापरायला मोकळे आहेत. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005 पासून असा मोकळा आहे, 5 गिगाहर्ट्झचे मोठे भाग 2018 मध्ये मोकळे झाले, आणि 865 मेगाहर्ट्झच्या आसपासचा एक छोटा पट्टाही त्यात आहे. पण या मोकळिकीला ताकदीची मर्यादा आहे, 2.4 गिगाहर्ट्झवर अँटेनासह परिणामी ताकद 4 वॉटच्या वर नेता येत नाही. आणि दुसरी अट अशी की अशा उपकरणाने परवानाधारक सेवेला व्यत्यय आणायचा नाही, आणि स्वतःला व्यत्यय आला तर संरक्षण मागायचे नाही. पंचायतीचे वाय-फाय या चौकटीत बसते. मोबाइलचा बूस्टर बसत नाही. ज्या पट्ट्याचा परवाना मोबाइल कंपनीने घेतला आहे त्याच पट्ट्यात तो प्रक्षेपण करतो, आणि तसे करण्याचा अधिकार फक्त त्या कंपनीला आहे. खासगी माणसाने तो विकत घेणे आणि चालवणे दोन्ही बेकायदा आहे. दूरसंचार विभागाची वायरलेस मॉनिटरिंग संघटना 1952 पासून असे व्यत्यय शोधण्याचे काम करते आणि तिच्याकडे दिशा शोधणारी उपकरणे आहेत. तरीही मी तुम्हाला थेट तक्रारीचा सल्ला देणार नाही. गावातला माणूस आहे, त्याने रेंजसाठी लावले, टीव्ही बंद पाडण्यासाठी नव्हे.

दुकानदाराची गरज पंचायतीच्या त्याच वाय-फायवर बरीचशी भागू शकते, आणि म्हणूनच ते बंद करण्याचा ठराव मला उलटा वाटतो. अलीकडचे बहुतेक स्मार्टफोन वाय-फायवरून साधा कॉल करू शकतात. सेटिंगमध्ये ‘वाय-फाय कॉलिंग’ सुरू करावे लागते आणि ही सुविधा मोठ्या खासगी कंपन्या 2019-20 पासून देत आहेत. मोबाइलवरून पैसे देणेही त्यावर चालते. अडचण येते ती पैसे जमा झाल्याचे मोठ्याने सांगणाऱ्या डब्याची, कारण तो सहसा सिमवर चालतो. वाय-फायवर चालणारे नमुने मिळतात, ते बँकेकडे किंवा ॲपवाल्याकडे मागावे लागतील. जुने बटणाचे फोनही यात सुटतात. त्यांच्यासाठी खरा उपाय टॉवरच. केंद्र सरकारने जुलै 2022 मध्ये मोबाइल सेवा नसलेल्या 24,680 गावांत 4-जी पोचवण्याची योजना मंजूर केली. तुमचे गाव त्या यादीत आहे का, हे ग्रामसेवकाने पत्र पाठवून विचारावे. ठराव करायचाच असेल तर तो हा करा.

राहिला रिकाम्या टीव्ही वाहिन्यांवरच्या इंटरनेटचा प्रश्न. ही भीती निराधार नाही, आणि अमेरिकेत तिच्यावर बरीच वर्षे वाद झाला. तिथल्या दूरसंचार आयोगाने नोव्हेंबर 2008 मध्ये त्या त्या भागात रिकाम्या असलेल्या टीव्ही वाहिन्यांवर परवानामुक्त उपकरणांना परवानगी दिली, तेव्हा प्रसारकांचा आक्षेप असा होता की उपकरण ‘वाहिनी रिकामी आहे’ असे चुकून समजेल आणि शेजारच्या घरातले चित्र घालवील. आयोगाने सुरुवातीला उपकरणाने स्वतः कान लावून ऐकावे अशी अट घातली, तीही उणे 114 डीबीएम इतक्या बारीक पातळीपर्यंत, म्हणजे टीव्हीला चित्र लावायला लागणाऱ्या सिग्नलच्या सुमारे हजाराव्या हिश्शापर्यंत. एवढे बारीक कशासाठी? धानोऱ्याकडची जमीन डोळ्यासमोर आणा. टेकडीवरच्या घराच्या छपरावरची अँटेना दूरच्या केंद्राचे चित्र पकडते. टेकडीखालच्या खोलगटातले उपकरण मात्र त्या केंद्राचे काहीच ऐकत नाही, आणि विहिरीत उतरलेल्या माणसाने वर वारा नाही म्हणावे तसे ते वाहिनी रिकामी ठरवते आणि बोलू लागते. त्याचा आवाज मात्र टेकडीवर पोचतो.

या एका अडचणीमुळे केवळ ऐकण्यावर विसंबणे धोक्याचे ठरले. 2010 च्या सुधारित नियमांत आयोगाने ऐकण्याची सक्ती काढली आणि भर दिला तो नोंदवहीवर : उपकरणाने आपले ठिकाण कळवायचे, त्या ठिकाणी कोणत्या वाहिन्या मोकळ्या आहेत हे एका मध्यवर्ती नोंदवहीला विचारायचे, ते दिवसातून किमान एकदा पुन्हा विचारायचे आणि उत्तर मिळाल्याशिवाय तोंड उघडायचे नाही. एका जागी बसवलेल्या उपकरणांना 4 वॉटपर्यंत मुभा आणि हातातल्या उपकरणांना 100 मिलिवॉट. शेजारच्या वाहिनीवर टीव्ही सुरू असेल तर 40 मिलिवॉट. प्रक्षेपण वाचवण्याचा हा मार्ग मला पटतो, कारण कोणाला कुठे बोलू द्यायचे हे उपकरणाच्या कानावर न सोडता तो प्रक्षेपण केंद्रांच्या नकाशावर सोडतो.

आपल्याकडे आयआयटी मुंबईने पालघर भागातल्या काही गावांत 470 ते 590 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात प्रायोगिक परवान्यावर असा प्रयोग केला. त्या लहरी झाडांतून आणि टेकड्यांच्या कडेवरून वाय-फायपेक्षा दूर जातात, त्यामुळे जंगलपट्ट्यात त्यांचे आकर्षण वाटणे साहजिक आहे. तुमच्या फ्री डिशला त्यांच्यापासून धोका जवळजवळ नाही, कारण त्या केबलच्या 950 च्या पट्ट्याखाली राहतात, आणि दूरदर्शनचे जमिनीवरचे बहुतेक अॅनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद झाल्यामुळे तो पट्टा आपल्या भागात बराचसा शांत आहे. ज्याला जपावे लागेल तो तालुक्याच्या गावचा केबलवाला. त्याच्या तारेतल्या वाहिन्या याच पट्ट्यात धावतात आणि त्याचे जोडही खांबाखांबावर तसेच काळ्या पट्टीचे असतात.

आता पुढचे सांगण्यासाठी मला तीन गोष्टी लागतील : जाणाऱ्या वाहिन्यांच्या ट्रान्सपॉन्डरची फ्रिक्वेन्सी, चित्र तुटताना गुणवत्तेची पट्टी किती दाखवते, आणि दुकानाची अँटेना तुमच्या डिशपासून व केबलच्या पहिल्या जोडापासून किती फुटांवर आहे. त्या इथेच कळवा.